अरण्यराष्ट्राची हरवलेली भाषा : टॉल्किनच्या लोथलोरिएनचे एक वाचन

कल्पित प्रदेशाची समीक्षा करताना आपण सहसा त्याच्या नकाशापाशी आणि प्रतीकार्थापाशी थांबतो. तो प्रदेश कशाचे प्रतीक आहे हे एकदा ठरले, की तेथे कोण राहते, राज्य कोणाचे आहे आणि भाषा कोणती बोलली जाते हे प्रश्न गौण होतात. अद्भुतरम्य साहित्याच्या बाबतीत तर असे प्रश्न विचारणे हाच अरसिकपणा मानला जातो. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) या कादंबरीतील लोथलोरिएन या अरण्यराज्याविषयीचे बरेचसे लेखन या अर्थाने रसिक लेखन आहे. प्रस्तुत लेखात तो अरसिकपणा करून पाहण्याचा विचार आहे. त्याचे समर्थन एवढेच, की टॉल्किन स्वतः त्याच अर्थाने अरसिक होते. १९२५ ते १९४५ या काळात ते ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सनचे आणि १९४५ ते १९५९ या काळात इंग्रजी भाषा व साहित्याचे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रतिसृष्टीत भाषा आधी आल्या आणि त्या बोलणारी माणसे व त्यांच्या कथा मागाहून आल्या. १९३९ साली सेंट अँड्र्यूज येथे दिलेल्या परीकथाविषयक व्याख्यानात त्यांनी कल्पित सृष्टीवरील विश्वासाचा आधार त्या सृष्टीच्या आंतरिक सुसंगतीत शोधला होता. तेव्हा अशा सृष्टीतील एखाद्या राष्ट्राला त्याच्या भाषेविषयी विचारणे हे तिच्याच नियमांनी तिला वाचणे होय.

लोथलोरिएनला मी जाणीवपूर्वक 'राष्ट्र' म्हणतो. त्याला सीमा आहे व सीमेवर पहारा आहे. कारास गालाधोन ही त्याची राजधानी आहे. त्याला राज्यकर्ते आहेत, उगमकथा आहे आणि परक्यांविषयी कायदा आहे. मुद्रावाहक फ्रोडो आणि त्याचे सोबती अरण्यात शिरतात तेव्हा पहाऱ्यावरचा हाल्दिर हा एल्फ त्यांना अडवतो आणि गिम्ली हा बुटका असल्यामुळे त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी लागेल असे सांगतो. गिम्ली संतापतो. मग ॲरागॉर्न तोड काढतो, की पट्टी बांधायची तर सगळ्यांच्याच डोळ्यांवर बांधावी. आता रागावण्याची पाळी लेगोलसची येते. तो एल्फ आहे, इथल्यांचा सगोत्र आहे, त्याला पट्टी कशाला? नागरिकत्व, वंश आणि संशय यांचा एवढा नेमका प्रसंग या कादंबरीत दुसरा नसेल. शत्रूच्या सामर्थ्यामुळे त्याच्या विरोधकांतही परस्परांविषयी अविश्वास उपजतो, याची जाणीव हाल्दिरला आहे. तरीही तो पट्टी बांधतोच.

या प्रसंगात आणखी एक तपशील आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. हाल्दिरबरोबर त्याचे दोन भाऊ आहेत. त्यांना पश्चिमेची सामान्य भाषा जवळपास येत नाही. हाल्दिरला ती येते, कारण वार्ता काढण्यासाठी तो सीमेबाहेर जातो. आपल्याच भाषेत व्यवहार करणारा, दुभाष्यापुरताच बाहेरच्या जगाशी संबंध ठेवणारा असा हा समाज आहे, अशी वाचकाची समजूत येथे होते. फ्रोडोची तर होतेच. या वन-एल्फांचे बोलणे आपल्याला फारसे कळत नाही, कारण पर्वतांच्या पूर्वेकडील अरण्यवासीयांची बोली पश्चिमेकडील एल्फांच्या भाषेहून वेगळी आहे, असे निवेदन आपल्याला सांगते.

लोथलोरिएनविषयीची रूढ वाचने दोन आहेत. १९७८ साली मायकेल मूरकॉक यांनी टॉल्किनच्या संपूर्ण सृष्टीवर दिलाशाचे, मुलांना निजवणाऱ्या गद्याचे लेखन म्हणून टीका केली. त्या दृष्टीने लोथलोरिएन हे सुखद पलायनाचे परमोच्च स्थान ठरते. उलट पॅट्रिक करी यांनी १९९७ साली त्याच सृष्टीत आधुनिकतेने उद्ध्वस्त केलेल्या निसर्गाचे समर्थन पाहिले. टॉल्किन यांनी स्वतः १९७२ साली 'डेली टेलिग्राफ'ला लिहिलेल्या पत्रात आपण नेहमीच झाडांची बाजू घेतली असल्याचे म्हटले आणि लोथलोरिएनच्या सौंदर्याचे कारण तिथे झाडांवर प्रेम केले जात होते हे दिले. दोन्ही वाचनांचा निष्कर्ष परस्परविरोधी असला तरी गृहीत एकच आहे. जतन झालेले, अखंड, आपल्या मातीत रुजलेले असे हे अरण्यराष्ट्र आहे, हे दोघांनाही मान्य आहे. वाद आहे तो जतनाच्या इष्टतेविषयी. मला शंका आहे ती त्या गृहीताविषयी.

गृहीताला पहिला तडा राज्यकर्त्यांपाशीच जातो. गालाद्रिएल ही समुद्रापलीकडून परतलेल्या नोल्दोर कुळातील आहे. तिचा पती केलेबोर्न सिंदार, म्हणजे पश्चिमेकडील बुडालेल्या भूमीतून आलेला. प्रजा मात्र वन-एल्फांची. गालाधरिम, वृक्षजन, हे त्यांचे नाव. शेजारच्या मर्कवूडमध्येही हेच आहे : राजा थ्रांडुइल सिंदार, प्रजा वन-एल्फ. टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'अनफिनिश्ड टेल्स' या संग्रहात या राजवंशांवर स्वतंत्र टिपण आहे, आणि त्याचा विषयच वन-एल्फांचे सिंदार राजे हा आहे. गालाद्रिएल आणि केलेबोर्न यांच्या इतिहासाची परस्परांशी न जुळणारी अनेक रूपे त्या संग्रहात आहेत. संपादक क्रिस्टोफर टॉल्किन यांनीही हा भाग सर्वाधिक अडचणींचा असल्याचे म्हटले आहे. पण या सगळ्या रूपांत एक गोष्ट कायम राहते. अरण्याचे धनी अरण्यातले नाहीत.

झाडांचे काय? लोथलोरिएन म्हटले की आठवतात त्या सुवर्णपर्णी मॅलॉर्न वृक्षांच्या रांगा. त्यांच्या फांद्यांवर तिथली घरे आहेत आणि त्यांच्यामुळेच त्याला सुवर्णवन म्हणतात. 'अनफिनिश्ड टेल्स'मधील एका टिपणानुसार या वृक्षाचे बीज समुद्रापलीकडून न्युमेनोर बेटावर आले. तिथल्या राजाने ते गिल-गालाद या एल्फराजाला दिले. त्याच्या भूमीत ते रुजले नाही, म्हणून त्याने ते गालाद्रिएलला दिले. आणि तिच्या सामर्थ्याने ते या अरण्यात वाढले. अरण्यराष्ट्राची जी ओळख आहे ती झाडेच मुळात लावलेली, आणलेली आहेत. सॅम हा माळी आहे. त्याला हे लोक हॉबिटांपेक्षाही अधिक आपल्या जागेचे वाटतात, आणि भूमीने माणसे घडवली की माणसांनी भूमी हे सांगणे कठीण असे तो म्हणतो. समीक्षकांना हे उद्गार फार प्रिय आहेत. ते एका पाहुण्याचे उद्गार आहेत, हे विसरले जाते.

आता भाषेकडे वळू. कादंबरीच्या मुख्य संहितेत फ्रोडोला वेगळी वाटलेली ती वनभाषा परिशिष्टाच्या एका तळटीपेत नाहीशी होते. लोरिएनमध्ये त्या काळी सिंडारिनच बोलली जात असे, मात्र लोक बहुतांशी वन-एल्फ असल्यामुळे तिला वेगळा हेल होता. त्या हेलामुळे आणि सिंडारिनच्या तुटपुंज्या ज्ञानामुळे फ्रोडोची फसगत झाली, असे ही टीप सांगते. हे सांगणारा कोण, तर गोंडोरच्या राजधानीतील एक भाष्यकार. पाठोपाठ टीप असेही सांगते की त्या प्रकरणांत उद्धृत झालेले सगळे एल्फ शब्द सिंडारिनच आहेत, आणि बहुतेक नावेही. पण लोरिएन, कारास गालाधोन, आमरोथ आणि निमरोडेल ही चार नावे बहुधा मूळ वनभाषेतील असून सिंडारिनच्या वळणावर नेलेली आहेत.

एका संपूर्ण समाजाच्या भाषेचा हा एवढाच अवशेष : एक हेल आणि चार नावे. त्या चारांपैकी दोन जागांची, दोन हरवलेल्या माणसांची.

येथे मुख्य संहिता आणि परिशिष्ट यांच्यातील विसंगती ही लेखकाची चूक म्हणून सोडून देता येते, आणि टॉल्किनच्या हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांनी ती तशी समजावूनही घेतली आहे. पण प्रकाशित संहितेत ती आता केवळ चूक राहिलेली नाही. तिला निवेदकीय रूप दिले गेले आहे. प्रवाशाच्या कानाला जे भाषा म्हणून ऐकू आले, ते राजधानीच्या विद्वानाने बोली म्हणून दुरुस्त केले, अशी ती रचना आहे. कोणाचा कान खरा मानायचा? भाषा कोठे संपते आणि बोली कोठे सुरू होते हा प्रश्न कानाने सुटत नाही, आणि व्याकरणानेही पूर्णपणे सुटत नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादाने आपल्याकडे कितीतरी कागद खर्ची पडला; साहित्य अकादमीने १९७५ साली तिला मान्यता दिली आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्या वादाची आठवण असलेल्या वाचकाने गोंडोरच्या भाष्यकाराची दुरुस्ती निमूटपणे स्वीकारू नये.

चार नावांपैकी एक निमरोडेल. मुख्य कथेत ती नदी आहे आणि एक गाणे आहे. प्रवासी ती नदी ओलांडतात तेव्हा लेगोलस त्यांना निमरोडेल नावाच्या एल्फकन्येची आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या आमरोथची कथा गाऊन सांगतो. दक्षिणेकडे जाताना ती डोंगरांत हरवली. तिची वाट पाहत थांबलेले त्याचे जहाज वादळाने समुद्रात ओढले आणि तो तिच्यासाठी लाटांत उडी घेऊन नाहीसा झाला. एक हळवी प्रेमकथा म्हणून वाचक पुढे जातो. परंतु 'अनफिनिश्ड टेल्स'मधील आमरोथ-निमरोडेलची कथा वाचली की त्या गाण्याचा पोत बदलतो. पश्चिमेकडून आलेल्या एल्फांनी युद्धे आणली आणि जुनी शांतता मोडली, असे निमरोडेलचे म्हणणे होते. ती फक्त वनभाषा बोलत असे. लोरिएनमध्ये ती भाषा मागे पडल्यानंतरही बोलत असे, आणि त्या धबधब्याच्या काठी एकटी राहत असे. आमरोथ सिंदार वंशाचा राजा. तो वन-एल्फांच्या रीतीने झाडावर घर करून राहू लागला तो तिच्या प्रेमापोटी. त्या टेकडीला पुढे त्याचेच नाव मिळाले. पण ती त्याच्याशी विवाह करायला तयार नव्हती. मोरियातून बाल्रोगचे भय उठले तेव्हा ती पळाली, आणि शांततेच्या भूमीत नेशील तर विवाह करीन असे वचन तिने वाटेत दिले. तिसऱ्या युगाच्या १९८१ या वर्षी दोघेही नाहीसे झाले. ओस पडलेले सिंहासन मग गालाद्रिएल आणि केलेबोर्न यांच्याकडे आले. कादंबरीच्या घटना ३०१९ मधल्या आहेत; म्हणजे आपण पाहतो ते लोथलोरिएन हजार वर्षांहून अधिक काळ निमरोडेलविना चाललेले आहे.

आपली भाषा सोडायला नकार देणारी शेवटची व्यक्ती ही त्या राष्ट्राची दंतकथा होते, आणि तिचे नाव नदीला मिळते. पण तिचे गाणे कोणत्या भाषेत गायले जाते? लेगोलस सांगतो की हे गाणे आमच्या वनभाषेत सुंदर आहे, पण सामान्य भाषेत ते आता रिव्हेंडेलमध्ये गातात तसे मी म्हणतो. तो स्वतः सिंदार राजाचा मुलगा. गाता गाता तो थांबतो. बरेचसे आपण विसरलो, एवढाच भाग आठवतो, अशी कबुली देतो. वनभाषेतील गाणे भाषांतरात, तेही अर्धवट, आणि विसरण्याच्या कबुलीसह.

याच्या शेजारी गालाद्रिएलचे निरोपाचे गीत ठेवून पाहावे. प्रवासी नावेत बसून निघतात तेव्हा ती क्वेन्यात गाते. समुद्रापलीकडच्या, एल्फांच्या दृष्टीनेही प्राचीन झालेल्या भाषेत. फ्रोडोला अर्थ कळत नाही, पण शब्द त्याच्या स्मृतीत कोरले जातात. संहितेत ते गीत मुळातून दिले आहे आणि खाली गद्य भाषांतर दिले आहे. राणीच्या भाषेला मूळ आणि भाषांतर दोन्ही मिळतात. प्रजेच्या भाषेला केवळ भाषांतर मिळते. टॉल्किनने क्वेन्या आणि सिंडारिन या भाषांच्या ध्वनिव्यवस्था, रूपे, शब्दसंग्रह यांवर आयुष्यभर काम केले. त्या तुलनेत वनभाषेच्या वाट्याला आली ती काही नावे आणि थोडी टिपणे. निर्मितीच्या पातळीवरही ती भाषा जवळजवळ नाहीच.

या ठिकाणी नेन्या या अंगठीचा विचार करावा लागतो. गालाद्रिएलच्या बोटातील या अंगठीच्या बळावर लोथलोरिएन काळापासून वाचले आहे. प्रवाशांना काही दिवस वाटतात तिथे बाहेर महिना उलटतो. टॉल्किनने १९५४ साली नेओमी मिचिसन यांना लिहिलेल्या पत्रात एल्फांच्या या वृत्तीची कठोर मीमांसा केली : त्यांना बदल नको असतो, जग आहे तसे मसाले घालून टिकवायचे असते. प्रेत टिकवणाऱ्यांची ती उपमा एल्फांच्या भक्तांना नेहमीच खटकते. तथापि ती उपमा एक पाऊल पुढे नेली पाहिजे. मसाले घालून काय टिकवले गेले? सिल्व्हरलोड नदी ओलांडून पलीकडच्या काठावर पाय ठेवताच फ्रोडोला आपण आदिकाळात पाऊल टाकल्यासारखे वाटते. तो आदिकाळ समुद्रापारच्या भूमीचा, बुडालेल्या पश्चिमेचा, म्हणजे गालाद्रिएलच्या स्मृतीचा आहे. अरण्याची स्वतःची स्मृती, जी निमरोडेलच्या जिभेवर होती, तिला या जतनात जागा नव्हती. लोथलोरिएनची शोकांतिका एक मुद्रिका नष्ट झाल्यावर सुरू होते असे सर्वत्र मानले जाते. माझ्या मते तिचा पहिला अंक तोवर संपून गेलेला होता.

टॉल्किनला हे ठाऊक नव्हते काय? होते, आणि फार नेमके ठाऊक होते. कादंबरीचा अखेरचा खंड २० ऑक्टोबर १९५५ रोजी प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी आणि वेल्श या भाषांच्या संबंधांवर व्याख्यान दिले. एका भाषेवर दुसरी भाषा येऊन बसते तेव्हा खालची भाषा कोठे शिल्लक राहते, हा त्यांच्या व्यवसायाचाच प्रश्न होता. इंग्लंडमध्ये ती नद्यांच्या नावांत राहिली. एव्हन हे नदीचे नाव मुळात 'नदी' या अर्थाचा केल्टिक शब्द आहे. ज्यांनी भाषा बदलली त्यांना त्याचा अर्थ कळेनासा झाला, तरी पाण्याने नाव सोडले नाही. निमरोडेल ही अशीच एव्हन आहे. म्हणून वनभाषेचा लोप हा लेखकाचा विसर नाही; ती ज्ञानपूर्वक केलेली योजना आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. ही योजना तळटिपेत आणि मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या कागदांत राहिली. नदीकाठच्या प्रसंगात तिची वेदना क्षणभर जाणवते. राजधानीत पोचल्यावर ती पूर्णपणे विरते. कारास गालाधोनमध्ये हाल्दिर वगळता एकाही वन-एल्फाला नाव घेऊन बोलण्याची संधी मिळत नाही. गॅन्डाल्फसाठी तिथे विलापिका गायल्या जातात. लेगोलस त्यांचा अर्थ सांगायला नकार देतो. आपल्याला सूर मिळतो, शब्द मिळत नाहीत. येथे कादंबरी स्वतःच आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेते, असे मला वाटते.

याहून वेगळे काही शक्य होते का, याचे उत्तर अर्सुला ल ग्विन यांच्या 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' (१९७२) या लघुकादंबरीत मिळते. तिची जात विज्ञानकथेची आणि पार्श्वभूमी व्हिएतनाम युद्धाची. पण विषय अरण्यराष्ट्राचाच आहे. तेथील लोकांच्या भाषेत अरण्य आणि जग यांना एकच शब्द आहे, अथ्शे. आणि त्यांच्या 'देव' या अर्थाच्या शब्दाचा दुसरा अर्थ 'दुभाषा' असा आहे. स्वप्नातले जागृतीत आणणारा, नवे कृत्य आपल्या लोकांच्या भाषेत आणणारा तो देव. म्हणजे अरण्याची भाषा हीच तेथे कथेची गती आहे. कलाकृती म्हणून ही कादंबरी मला टॉल्किनच्या तुलनेत उणी वाटते. तिचा खलनायक फारच सपाट आहे. पण दुभाष्याला सीमेवरच्या पहारेकऱ्याच्या जागेवरून उचलून तिने जिथे बसवले, ती जागा टॉल्किनला सुचली नाही.

निदान लोथलोरिएनच्या बाबतीत सुचली नाही. कारण त्याच कादंबरीत दुसरे एक अरण्य आहे, आणि त्याला कोणी राष्ट्र म्हणत नाही. ड्रुआदान अरण्यातील 'रानटी माणसे' आणि त्यांचा प्रमुख घान-बुरी-घान एका रात्रीपुरते कथेत येतात. रोहानच्या घोडदळाला मिनास तिरिथकडे जाणारी विसरलेली वाट ते दाखवतात. घान अडखळत्या सामान्य भाषेत बोलतो, मधूनच स्वतःचे शब्द टाकतो. त्याच्या माहितीवर शंका घेतली जाते तेव्हा तो मोजून दाखवतो : वीस-वीसांचे गट, त्यांची दहा आणि पाच वेळा आवृत्ती. हिशेब केला तर बरोबर सहा हजार होतात, आणि रोहानचे स्वारही तेवढेच असतात. विसा-विसांनी मोजणारी माणसे ज्यांनी आठवडी बाजारात पाहिली आहेत, त्यांना या प्रसंगातला अपमान आणि त्याचे उत्तर दोन्ही चटकन कळतील. मोबदल्यात तो मागतो ते एवढेच, की आम्हांला जनावरांसारखे शिकारीत मारू नका. म्हणजे आजवर मारत होते. कादंबरीतील सर्वांत उमद्या माणसांविषयी कादंबरी हे एका वाक्यात सांगते आणि पुढे जाते.

युद्धानंतर ॲरागॉर्न, आता राजा झालेला, त्या अरण्याच्या कडेशी थांबतो आणि भालदारांकरवी घोषित करतो की ड्रुआदानचे अरण्य घान-बुरी-घान व त्याच्या लोकांना कायमचे देण्यात येत आहे. यापुढे त्यांच्या परवानगीवाचून कोणीही आत जाऊ नये. हा न्याय आहे, यात शंका नाही. पण ते अरण्य देणारा तो कोण? नॉर्मन राजांच्या इंग्लंडमध्ये 'फॉरेस्ट' हा झाडांपेक्षा राजाच्या शिकारहक्काचा शब्द होता, आणि १२१७ च्या वनसनदेने त्या हक्काला आवर घातला. मध्ययुगाच्या अभ्यासकाला हे ठाऊक असणारच. आपल्याला किष्किंधाकांडातील वाली आठवतो. आपल्या वधाचे कारण विचारणाऱ्या वालीला राम सांगतो की पर्वत, वने आणि कानने यांच्यासह ही सगळी भूमी इक्ष्वाकूंची आहे. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नावात 'मान्यता' हा शब्द आहे. हक्क आधीपासून होता आणि राज्यसंस्था तो ओळखते आहे, असे त्यात गृहीत आहे. ॲरागॉर्नची घोषणा देणगीची आहे.

आणि तरीही तो प्रसंग लोथलोरिएनच्या शेवटाहून मला अधिक जिवंत वाटतो. ३०१९ च्या वसंतात केलेबोर्न आणि थ्रांडुइल मर्कवूडची वाटणी करून घेतात. दक्षिण भागाला पूर्व लोरिएन हे नाव दिले जाते. ३०२१ मध्ये गालाद्रिएल समुद्रापार जाते, काही वर्षांत केलेबोर्नलाही त्या राज्याचा कंटाळा येतो. लोरिएनमध्ये थोडे लोक खिन्नपणे मागे राहतात आणि कारास गालाधोनमध्ये दिवा नाही, गाणे नाही. गाणे का नाही, याचे कारण परिशिष्टकार देत नाही. राज्यकर्त्यांबरोबर गाण्याची भाषाही गेली, असे ते वाचता येते. ड्रुआदानच्या कडेशी मात्र भालदारांचे शब्द संपल्यावर झाडीतून कोणी बाहेर येत नाही, कोणी आभार मानत नाही. डोंगरात ढोल मोठ्याने वाजतात आणि थांबतात. फ्रोडोची दुरुस्ती करणाऱ्या भाष्यकाराने या ढोलांवर काहीही लिहिलेले नाही. त्या लोकांच्या भाषेविषयी परिशिष्टात एकच वाक्य आहे, आणि ती सर्वस्वी परकी होती एवढेच ते सांगते.